पाच इंच खाली की तीन?

१९४७ सालचे एक छायाचित्र आहे. आल्फ्रेड लेतुर्नेर नावाचा फ्रेंच सायकलपटू हँडलवर ओणवा होऊन पेडल मारतो आहे आणि त्याच्या मागे, सायकलीलाच जोडलेले, ॲल्युमिनियमचे एक चकचकीत घर चालले आहे. हा बावीस फुटी एअरस्ट्रीम ट्रेलर. लेतुर्नेर तेव्हा वेगाच्या विक्रमांसाठी गाजलेला होता. १९४१मध्ये एका मोटारीच्या आडोशाने त्याने सायकल ताशी १०८ मैलांच्या वर पळवली होती. एअरस्ट्रीमचे संस्थापक वॉली बायम यांना आपला ट्रेलर किती हलका आहे हे जगाला दाखवायचे होते, आणि त्यासाठी याहून बोलके चित्र सापडणे कठीण होते.

चित्रात लबाडी काही नाही. सपाट रस्त्यावर, टायरांत पुरेशी हवा असेल तर चाकांवरची वस्तू हलती ठेवायला तिच्या वजनाच्या शेकड्यातल्या एकदोन भागांइतकाच जोर लागतो. पैलवान नसलेली चार माणसेही बंद पडलेली मोटार ढकलत नेतात, ते याच जोरावर. पण त्याच सायकलीला तो ट्रेलर उतारावर थांबवता आला नसता, शेजारून धडधडत गेलेल्या मालट्रकच्या वाऱ्यात सरळ ठेवता आला नसता. नुसते ओढायचे असते तर या विषयावर लेख लिहायची वेळच आली नसती. अवघड असते ते ट्रेलरचे नाक पेलणे आणि त्याची शेपटी ताळ्यावर ठेवणे. ही दोन्ही कामे जिथे ठरतात ती जागा एका मुठीत मावते: गाडीच्या मागे लावलेला पोलादी गोळा.

अमेरिकेत वसंत ऋतू लागला की उपनगरांतल्या घरांपुढे एक ठरलेले दृश्य दिसते. अंगणात पिकअप उभी असते, तिच्या मागे हिवाळाभर झाकून ठेवलेला कॅम्पर ट्रेलर, आणि दोघांच्या मध्ये कोणीतरी गुडघ्यांवर बसून मोजपट्टी धरलेला असतो. नवी गाडी घेतलेली असते किंवा नवा ट्रेलर. जुना जोड आता जमत नाही. दुकानात भिंतीवर ओळीने टांगलेल्या लोखंडी कोपऱ्यांपैकी दोन इंच उतरता घ्यायचा, चार इंच, की सहा?

आधी जोडणीची ओळख. गाडीच्या मागच्या बंपरखाली चौकोनी तोंडाची पोलादी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. तिचे तोंड बहुतेक पिकअपना दोन इंची असते, अवजड गाड्यांना अडीच किंवा तीन इंची. त्या नळीत सरकवून पिनेने अडकवायचा तो बॉल माउंट, म्हणजे गोळ्याचे आसन. ते सरळ असते, खाली उतरते किंवा वर चढते. त्याच्यावर गोळा. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीच्या टोकाला उपडी वाटी असते, ती कपलर. वाटी गोळ्यावर बसवली, खटका लावला, दोन साखळ्या वाटीखालून फुलीसारख्या ओलांडून अडकवल्या, दिवे-ब्रेकची वायर जोडली, की निघायला हरकत नाही. कॅम्पर ट्रेलरांसाठी गोळा मुख्यतः दोन इंची आणि २ ५/१६ इंची अशा दोन मापांत मिळतो, आणि इथे एक जीवघेणी गंमत आहे. मोठ्या मापाची वाटी लहान गोळ्यावर अगदी छान बसल्यासारखी वाटते, खटकाही लागतो. मग पहिल्या मोठ्या खड्ड्यात ती उडून बाहेर येते. उंचीचा हिशेब करण्याआधी गोळ्याच्या माथ्यावर कोरलेला आकडा वाचावा तो यासाठी.

ट्रेलरच्या त्या पुढच्या टोकाला अमेरिकन माणूस ‘जीभ’ म्हणतो, ब्रिटिश माणूस ‘नाक’. मराठीला दोन्ही उसने घेण्याची गरज नाही. आपल्याकडे धुरा आहे. दोन चाकांच्या बैलगाडीची धुरा जुवाला बांधलेली असते आणि जू बैलांच्या मानेवर. माल पुढे जास्त भरला तर गाडी धुरेला जड होते, बैल मान खाली घालतात. मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि पट्टे बैलांच्या गळ्याला काचतात. चढ लागला की गाडीवान पुढे सरकून बसतो, उतारावर मागे. कॅम्पर ट्रेलरचे सगळे शास्त्र या सरकण्यात आहे. फरक इतकाच की बैल मान झटकून तक्रार करतो. पिकअप करत नाही, ती फक्त मागून बसते.

अमेरिकेतला रुळलेला नियम असा की ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार धुरेवर यावा. त्याहून कमी झाला तर ट्रेलर उलाळ होतो आणि वेगात शेपटी हलवू लागतो. त्याहून फार जास्त झाला तर गाडीचे मागले चाक आणि रिसीव्हर दबून जातात. दुसरा नियम उंचीचा: ट्रेलर रस्त्याला समांतर असावा, फार तर नाक किंचित खाली. नाक वर नको.

हे दोन्ही नियम ठाऊक असलेला माणूसही मोजताना हमखास एक चूक करतो. तो मोकळी गाडी मोजतो.

समजा, एका पिकअपच्या रिसीव्हरच्या नळीची आतली वरची कड जमिनीपासून २३ इंचांवर आहे. ट्रेलर सपाट फरशीवर पाणपातळीने अगदी सपाट केला, तेव्हा कपलरची खालची कड १८ इंचांवर आली. तेवीस वजा अठरा, पाच. पाच इंच उतरते आसन आणले, रंगवले, लावले. ट्रेलरचा जॅक वर घेतला, आणि धुरेचा भार गोळ्यावर आला तशी गाडीची मागची बाजू निमूट खाली गेली, ट्रेलरचे नाक तिच्याबरोबर.

किती खाली? इथे आकडे मांडून पाहण्यात मजा आहे. ट्रेलर भरून २,७०० किलोंचा आहे, धुरेवर १२ टक्के, म्हणजे सुमारे ३२५ किलो. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.७ मीटर अंतर आहे आणि गोळा मागच्या चाकाच्याही मागे १.२ मीटर लोंबतो. मागचे चाक हा सीसॉचा मधला टेकू झाला. गोळ्यावर ३२५ किलो बसले की पुढच्या चाकांवरचे सुमारे १०५ किलो उचलले जातात, आणि मागच्या चाकांवर ३२५ नव्हे, ४३० किलो वाढतात. बाहेर लोंबणाऱ्या वजनाची ही खोड आहे. ते आपला भार तर देतेच, वर पुढचा भारही पळवून मागे आणते.

आता चाकांवरच्या कमानी मोजल्या. पुढची कमान एक इंच वर गेली, मागची दोन इंच खाली आली. गाडी बारा फुटांत तीन इंच कलली, म्हणजे फुटाला पाव इंच. गोळा मागच्या चाकाच्या चार फूट मागे आहे, तेव्हा तो आणखी एक इंच खाली गेला. चाकापाशी दोन इंच दिसणारी घसरण गोळ्यापाशी तीन इंच निघाली. मोकळ्या गाडीवर अचूक ठरलेले पाच इंची आसन भरल्या गाडीवर तीन इंच चुकले. जे आसन लागत होते ते दोन इंच उतरते.

म्हणून जाणकार मोजणीचा क्रम उलटा लावतात. ट्रेलरमध्ये सहलीचे सामान आधी भरायचे, पाण्याची टाकी नेहमी जितकी भरून न्यायची तितकी भरायची, गाडीत माणसे आणि कुत्रासुद्धा बसवायचा, आणि मग मोजपट्टी काढायची.

या ठिकाणी दुकानदार हौसेने हवेच्या पिशव्या विकतो. मागच्या स्प्रिंगांशेजारी रबरी पिशव्या बसवायच्या, त्यांत हवा भरायची, गाडीची पाठ पुन्हा ताठ. काही नव्या गाड्यांत हे काम यंत्रणा आपणहून करते. दिसायला सगळे झकास होते. गाडी सपाट, ट्रेलर सपाट, शेजारी कौतुक करून जातात. पण पुढच्या चाकांवरून उचललेले ते १०५ किलो अजून मागेच बसलेले असतात. हवेने पाठ उचलली, वजन हलवले नाही. गाडी वळवणारी चाके आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणारी चाकेही पुढचीच. त्यांच्यावरचा भार कमी झाला की ओल्या रस्त्यावर सुकाणू हलके, बेफिकीर वाटू लागते. उंची बरोबर आणि वजन चूक, ही जोडी नुसत्या चुकीच्या उंचीपेक्षा वाईट, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

वजन खरोखर हलवणारे साधन वेगळे आहे. गोळ्याच्या आसनातून दोन जाड पोलादी दांड्या निघतात आणि ट्रेलरच्या त्रिकोणी चौकटीला लगटून मागे जातात. त्यांची टोके साखळीने किंवा कंसाने वर ओढून अडकवतात, तेव्हा त्या धनुष्यासारख्या ताणल्या जातात. बांधकामावरची एकचाकी हातगाडी आठवावी. माणूस मागचे दांडे उचलतो आणि ओझे पुढच्या चाकाकडे झुकते. इथे पिकअप ही हातगाडी, ताणलेल्या दांड्या हे तिचे मागचे दांडे, आणि उचलणारा माणूस म्हणजे खुद्द ट्रेलर. पिकअपच्या मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर परततो, काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. भार वाटून देणारी ही जोडणी किती ताणायची हे साखळीच्या कड्या मोजून आणि आसनाचा कल बदलून ठरते. बऱ्याच पिकअपच्या रिसीव्हरवर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर वजनाचे दोन रकाने असतात: नुसत्या गोळ्यावर इतके, भार वाटणाऱ्या जोडणीने इतके. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असतो. लोक जाहिरातीतला मोठा आकडा पाठ करतात. चिकटपट्टी बंपरखाली असल्याने ती वाचायला जमिनीवर पाठ टेकावी लागते, हेही त्याला कारण असावे.

आपल्या उदाहरणात दांड्या ताणल्यावर पुढची कमान एक इंच वर होती ती अर्ध्या इंचावर आली, मागची दोन इंच खाली होती ती सव्वा इंचावर. पुढचा निम्मा फरक भरून निघाला. किती भरून काढावा याबद्दल गाडीगणिक सूचना वेगळी असते आणि ती पुस्तिकेत छापलेली असते. पूर्ण भरून काढण्याच्या मोहात पुढची बाजू मूळच्यापेक्षा खाली दाबू नये, एवढे मात्र सगळेच सांगतात. या नव्या स्थितीत गोळा किती खाली? चाकापाशी सव्वा इंच, मागच्या चार फुटांचा कल सुमारे अर्धा इंच, मिळून पावणेदोन. म्हणजे आसन पाच इंच नको, सुमारे तीन इंच उतरते हवे. मोकळ्या गाडीवर ते पावणेदोन-दोन इंच जास्त उंच दिसेल, शेजारी येऊन सांगेल की तुमचा गोळा उंच झालाय. सांगू द्यावे.

आता एक सर्वत्र ऐकू येणारी समजूत. ट्रेलरचे नाक वर राहिले की माल मागे झुकतो, धुरेवरचा भार घटतो आणि ट्रेलर डोलू लागतो, असे सांगितले जाते. तत्त्व खरे आहे. प्रमाण मात्र तपासले पाहिजे. एका ॲक्सलचा, म्हणजे दोनच चाकांचा, १,२०० किलोंचा लहान ट्रेलर घेऊ. चाकापासून गोळ्यापर्यंत साडेचार मीटर, धुरेवर १४४ किलो, वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण मीटरभर उंच. नाक तीन इंच वर गेले तर ट्रेलर एक अंश कलतो आणि वजनाचा मध्य सुमारे १७ मिलिमीटर मागे सरकतो. धुरेवरचे घटले किती? साडेचार-पाच किलो. तांदळाची एक लहान पिशवी.

त्याच ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅक लावून दोन विजेच्या सायकली टांगल्या, रॅकसकट ६० किलो, चाकांच्या तीन मीटर मागे. धुरेवरचे ४० किलो गेले. १४४चे १०४ उरले आणि ट्रेलर १,२६० किलोंचा झाला. टक्केवारी १२वरून आठाच्या जरा वर. ही उलाळ गाडी. तीन इंचांनी जे बिघडले नसते ते दोन सायकलींनी बिघडवले. उंचीवर तासन्‌तास घालवणारा माणूस सामान मात्र जागा दिसेल तिथे कोंबतो, असे पुष्कळदा घडते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना इथे एक खास धोका आहे. बऱ्याच ट्रेलरांचे स्वयंपाकघर अगदी मागच्या टोकाला असते, आणि तांदूळ, डाळी, कुकर, पोह्यांची पाकिटे, लोणच्याच्या बरण्या हे सगळे साहजिकच स्वयंपाकघरात जाते.

मग सपाट ठेवण्याचा आग्रह कशाला? त्याचे उत्तर चार चाकांच्या, म्हणजे एकामागे एक दोन ॲक्सल असलेल्या ट्रेलरमध्ये आहे. जुन्या पद्धतीच्या पाटा-स्प्रिंगवर दोन ॲक्सलांच्या मध्ये तराजूच्या दांडीसारखा एक डुलता तुकडा असतो. एक ॲक्सल दबला की तो दुसऱ्याकडे भार पोचवतो, त्यामुळे ट्रेलर थोडा कलला तरी वाटणी बऱ्यापैकी समान राहते. एअरस्ट्रीमसारख्या ट्रेलरांत मात्र पोलादी नळीत कोंबलेल्या रबरावर चालणारे ॲक्सल असतात. त्यांचा एकमेकांशी काही संवाद नाही. नाक वर गेले की मागचा ॲक्सल जास्त दबतो, पुढचा सुटतो. नाक खाली गेले की उलट. दोन टायर आपल्या मर्यादेपलीकडे भार वाहत असतात आणि दोन जण आराम करत असतात. भर उन्हाळ्यात, महामार्गाच्या वेगात, टायर फुटायला इतके पुरते.

आणि या ट्रेलरांत ती समजूत चक्क उलटते. नाक वर उचलायचे तर मागच्या ॲक्सलचे रबर दाबावे लागते, तो जोर गोळ्यालाच लावावा लागतो. म्हणजे नाक वर केले की धुरेवरचा भार वाढतो, खाली केले की कमी होतो. म्हणून धुरेचे वजन घ्यायचे ते ट्रेलर ज्या उंचीवर ओढला जाणार त्याच उंचीवर. अंगणात जॅक मनाला येईल तितका वर करून घेतलेले वजन कागदावर लिहिण्याच्या लायकीचे नसते.

ते वजन घरच्या घरी घेता येते, आणि युक्ती सुंदर आहे. न्हाणीघरातला वजनकाटा धुरेचे एवढे वजन पेलत नाही. मग एक जाड फळी घ्यायची; तिचे एक टोक विटेवरच्या नळीवर टेकवायचे, दुसरे काट्यावरच्या नळीवर, मध्ये तीन फूट. ट्रेलरचा जॅक फळीवर विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर उतरवायचा. काट्यावर एक तृतीयांश वजन दिसते. तिनाने गुणायचे. जॅक कपलरच्या जरा मागे असल्याने आकडा किंचित जास्त येतो, तो हिशेबात धरायचा.

उंची जपण्याची काही कारणे अगदी रोखठोक असतात. नाक फार खाली असेल तर पेट्रोल पंपाच्या उताराला जॅकचा पाय घासतो. फार वर असेल तर मागचा बंपर घासतो, आणि शेवटी त्याच्याखाली असलेला सांडपाण्याचा नळ. हा नळ तुटला की सहल कशी संपते ते सांगायला नको.

डोलणे सुरू झाले तर काय होते हेही एकदा समजून घ्यावे. गोळा पिकअपच्या मागच्या चाकाच्या मागे असल्याने ट्रेलरने गोळा उजवीकडे ढकलला की पिकअपचे तोंड डावीकडे वळते. चालक सुकाणू उलट फिरवतो, तोवर ट्रेलर दुसरीकडे गेलेला असतो. एका विशिष्ट वेगाखाली हे झोके आपोआप विरतात, त्याच्या वर वाढत जातात. तो वेग ठरवणाऱ्या गोष्टींत धुरेवरचा भार आणि सामानाची मांडणी वरच्या रांगेत आहेत. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, वेगही वाढवायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, सुकाणू स्थिर धरायचे आणि हाताजवळच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावायचे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. तिच्यावर कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. झोका अनुभवलेले त्यांत कमी असतात.

युरोपात हा सगळा खटाटोप जवळजवळ नाहीच. तिथे नियमाने गोळ्याचा मध्य, गाडी भरलेली असताना, जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरांमध्ये असावा लागतो, आणि कॅराव्हानची वाटी ४३० मिलिमीटरांच्या आसपास, ३५ इकडे-तिकडे. गोळाही एकाच मापाचा, ५० मिलिमीटर. गाडी कुठलीही घ्या, कॅराव्हान कुठलीही, जोड जुळतो. धुरेवरचा भारही कमी, वजनाच्या पाच ते सात टक्के, कारण मोटारी लहान आणि कॅराव्हान हलक्या. ब्रिटनमध्ये गोळ्याला घट्ट आवळून डोलणे रोखणाऱ्या वाट्या सर्रास असतात. त्यांच्या आत घर्षणाच्या पट्ट्या असल्याने गोळा कोरडा ठणठणीत लागतो. अमेरिकेत तोच गोळा ग्रीसने माखतात. अटलांटिक ओलांडून गेलेल्या माणसाने सवयीने ग्रीस लावले तर पट्ट्या वाया.

अमेरिकेत उंचीची अशी शिस्त नाही. तिथे जोडणीत कल्पकता पहिल्यापासूनच जास्त. विमानविद्येतला अग्रणी ग्लेन कर्टिस याने १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर आणला. त्याचा पुढचा भाग मोटारीच्या मागल्या खणात आडव्या बसवलेल्या, हवा भरलेल्या चाकावर टेकत असे. गोळा नाही, लोंबणे नाही. भार थेट मागच्या ॲक्सलजवळ. आजचे ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलर, ज्यांची मान पिकअपच्या हौद्यात येऊन बसते, त्याच विचाराचे. हॉली बोलसही विमानांतलाच. लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’च्या बांधणीत त्याचा हात होता. १९३४मध्ये त्याने ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ बांधला आणि त्याच वळणावर १९३६मध्ये बायमची ‘क्लिपर’ आली. हलकेपणाचे वेड हवेतून जमिनीवर आले ते असे.

पिकअप मात्र उलट दिशेने गेल्या. त्या पिढीगणिक उंच होत गेल्या, आणि हौशी लोक त्यांना आणखी उचलतात. काही जण गाडी खाली आणण्याऐवजी ट्रेलरच वर उचलतात. स्प्रिंगच्या वर असलेला ॲक्सल काढून स्प्रिंगच्या खाली बसवायचा. ट्रेलर पाचेक इंच वर जातो. नाक सपाट होते खरे, पण वजनाचा मध्यही तितकाच वर चढतो आणि घरात शिरायची पायरी ढोपराशी येते.

ऑस्ट्रेलियात प्रश्नच वेगळा. तिथे ‘कॅम्पर ट्रेलर’ म्हणजे बहुधा उलगडून तंबू होणारा, चिवट, लहान ट्रेलर, आणि तो नेतात किंबर्लीतल्या गिब रिव्हर रोडसारख्या कच्च्या, खडबडीत वाटांवर. गाडीचे एक चाक ओढ्याच्या खळग्यात आणि ट्रेलरचे विरुद्ध चाक दगडावर, अशा वेळी गोळा आणि वाटी ठरावीक कोनापलीकडे पिळवटू शकत नाहीत. म्हणून तिथे गोळ्याऐवजी तिन्ही दिशांना फिरणारे जोड लावतात. समांतर उंचीचा नियम तिथेही आहे, फक्त समांतर रस्ता नसतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले, पण आपल्याकडच्या कॅराव्हान बहुतेक एकाच चेसिसवर बांधलेल्या. ओढायचा ट्रेलर विरळाच. जोडणीची उंची आपल्याकडे ज्यांना अंगाने कळते ते ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर हाकणारे. ओढीचा बिंदू मागच्या ॲक्सलच्या वर गेला तर चढावर ट्रॅक्टर पुढून उठतो. म्हणूनच ट्रॅक्टरची ओढदांडी खाली असते, ॲक्सलच्या बरीच खाली. तरीही कारखान्याच्या वाटेवरच्या चढाला पुढची चाके हवेत तरंगणारा ट्रॅक्टर पाहिला नाही असा माणूस कोल्हापूर-सांगलीकडे सापडणे कठीण.

अंगणातली मोजपट्टी शेवटी काट्यावर जाऊन तपासतात. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट कंपनीचे काटे असतात; कंपनी आयोवा राज्यातल्या वॉलकॉट गावची, आणि ग्राहक मुख्यतः मालट्रकवाले. काट्याचे पट्टे वेगवेगळे असल्याने पावतीवर पुढच्या ॲक्सलचे, मागच्या ॲक्सलचे आणि ट्रेलरच्या चाकांचे वजन निरनिराळे छापून येते. तीन फेऱ्या मारायच्या. एक नुसत्या गाडीची, एक ट्रेलर जोडून पण दांड्या सैल सोडून, एक दांड्या ताणून. पहिल्या आणि दुसऱ्या पावतीची बेरीज-वजाबाकी केली की धुरेवरचा भार कळतो. दुसरी आणि तिसरी शेजारी ठेवली की दांड्यांनी पुढच्या चाकांना किती परत दिले ते कळते. मागे रांगेत अठरा चाकांचा ट्रक घुरघुरत उभा असतो, म्हणून हे सारे लगबगीने उरकावे लागते.

पावतीवर धुरेचा वाटा नऊ टक्के निघाला, तर आसन बदलत नाहीत. ट्रेलर थांब्याच्या कडेला घेतात, मागचे दार उघडतात आणि तांदळाची दहा किलोंची पिशवी, कुकर आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके उचलून पुढच्या पलंगाखाली नेऊन ठेवतात. सायकली उतरवून पिकअपच्या हौद्यात टाकतात. मग पुन्हा काटा, आणि त्यानंतर पुन्हा एकदा, गुडघ्यांवर बसून, कमानीपासून जमिनीपर्यंत मोजपट्टी.